वेलचीचा चहा : सुगंध किती, औषध किती?

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर तामलवाडी हे तुळजापूर तालुक्यातील गाव लागते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील हे गाव आई तुळजाभवानीच्या भक्तांच्या नित्य वाटेवरचे. आश्विन महिन्यात, विशेषतः कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास, सोलापूर आणि सीमेपलीकडील कर्नाटकातून पायी निघालेल्या भाविकांनी हा रस्ता रात्रंदिवस फुलून जातो. वाटेत ठिकठिकाणी पाणी, फराळ आणि चहा दिला जातो. चालून शिणलेल्या माणसाच्या हाती वाफाळता कप येतो आणि त्यातून वेलचीचा गंध दरवळला की अर्धा शीण तेथेच उतरतो. या भागात वेलचीला सर्रास ‘विलायची’ किंवा ‘इलायची’ म्हणतात. विलायची घातलेला चहा म्हणजे पाहुणचारातील एक वरची पायरी, असाच समज आहे.

अलीकडे या पाहुणचाराला औषधाचेही रूप आले आहे. वेलचीचा चहा पित्त शमवतो, रक्तदाब उतरवतो, साखर आटोक्यात ठेवतो, वजन घटवतो, अशी विधाने कानावर येत असतात. यांपैकी काहींना परंपरेचा आधार आहे, काहींना आधुनिक संशोधनाचा थोडाफार आधार आहे आणि काही केवळ ऐकीव आहेत. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या माणसाने ही विधाने शब्दशः घेतली तर लाभाऐवजी हानी होण्याचा संभव असतो. म्हणूनच वेलचीत काय आहे आणि कपात त्यातले किती उतरते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सह्याद्रीची कन्या

वेलदोडा ही आले व हळद यांच्या कुळातील वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘एलेटॅरिया कार्डामोमम’. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील सदाहरित जंगले हे तिचे मूळ घर होय. साधारणतः ६०० ते १२०० मीटर उंची, मोठ्या वृक्षांची सावली, ओलसर हवा आणि भरपूर पाऊस तिला मानवतो. केरळमधील इडुक्की जिल्हा हे भारतातील वेलची उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे. कर्नाटकातील कोडगू, हासन व उत्तर कन्नड या भागांतही तिची लागवड होते. तामलवाडीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ पुढे सोलापूर, विजयपूर, हुबळी करत उत्तर कन्नडमधील अंकोल्याला पोहोचतो. या मार्गाच्या दक्षिण टोकाला सुपारीच्या बागांमध्ये वेलचीची रोपे आढळतात, तर तामलवाडीच्या कोरड्या, कमी पावसाच्या मुलखात ती रुजणेही कठीण.

संस्कृतात वेलचीला ‘एला’ म्हणतात. कन्नडमधील ‘एलक्की’, हिंदीतील ‘इलायची’ आणि मराठीतील ‘वेलची’ ही नावे एकमेकांची नातलग वाटावीत अशी आहेत. मसाल्यात वापरली जाणारी काळपट, मोठी ‘मसाला वेलची’ ही मात्र निराळी वनस्पती असून ती प्रामुख्याने सिक्कीम, दार्जिलिंगचा डोंगराळ भाग व नेपाळ येथे होते. तिचा गंध धुरकट असतो व चहासाठी ती सहसा वापरली जात नाही.

वेलचीचे फळ एका वेळी पिकत नाही. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत अनेक तोडे घ्यावे लागतात आणि प्रत्येक फळ हाताने खुडावे लागते. हिरवा रंग व सुगंध टिकावा म्हणून ती मंद उष्णतेवर वाळवली जातात. साधारण पाच किलो ओल्या फळांपासून एक किलो वाळलेली वेलची मिळते. केशर व व्हॅनिला यांच्याबरोबरीने तिची गणना जगातील महागड्या मसाल्यांत होते, ती यामुळेच. २०१८ मधील केरळचा महापूर व त्यानंतरची पावसाची ओढ यांमुळे पीक घटले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये इडुक्कीतील पुट्टडी येथील लिलावात वेलचीला किलोमागे ७,००० रुपयांचा उच्चांकी भाव मिळाला. भाव चढला की टपरीवरच्या चहातील वेलची कमी होते किंवा तिची जागा कृत्रिम अर्क घेतो, हे ओघानेच आले. जागतिक बाजारात भारताचा मोठा स्पर्धक ग्वाटेमाला हा मध्य अमेरिकेतील देश आहे. तेथे वेलची विसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचली, परंतु आज निर्यातीत तोच आघाडीवर आहे.

सुगंधाचे रसायन

वेलचीचा गंध तिच्या सालीत नसून आतील काळ्या-तपकिरी दाण्यांत असतो. या दाण्यांमध्ये बाष्पनशील तेल असते. त्यातील प्रमुख घटक दोन : ‘सिनिओल’ आणि ‘टर्पिनिल अॅसिटेट’. सिनिओल हाच निलगिरीच्या तेलातील मुख्य घटक आहे. वेलची चघळल्यावर नाक व घसा मोकळा झाल्यासारखा वाटतो, त्यामागे हेच कारण. टर्पिनिल अॅसिटेटमुळे तिला गोडसर, फुलासारखा गंध येतो.

‘बाष्पनशील’ या शब्दातच चहा करणाऱ्यासाठी एक धडा आहे. हे तेल वाफेबरोबर उडून जाते. तासन्‌तास उकळत ठेवलेल्या चहात सुरुवातीला टाकलेल्या वेलचीचा गंध हवेत विरतो आणि कपात उरतो तो केवळ चोथ्याचा अंश. दूरवर दरवळणारा सुवास हा खरे तर कपातून निसटलेल्या तेलाचाच पुरावा असतो.

आयुर्वेदातील ‘एला’

आयुर्वेदात वेलचीला प्राचीन काळापासून मानाचे स्थान आहे. चरकसंहितेत श्वासाच्या विकारांवर उपयुक्त अशा दहा द्रव्यांच्या गटात एलेचा समावेश आहे. अंगदुखी शमविणाऱ्या द्रव्यांतही तिची गणना होते. सुश्रुतसंहितेत तर ‘एलादि’ या नावाचा स्वतंत्र गणच आहे. वेलची, दालचिनी व तमालपत्र या तिघांना मिळून ‘त्रिजात’ म्हणतात. त्यात नागकेशर मिसळले की ‘चतुर्जात’ होते.

घरोघरी परिचित असलेल्या सितोपलादि चूर्णातही वेलची असते. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ असे त्याचे परंपरागत प्रमाण आहे. खोकल्यावर दिले जाणारे हे चूर्ण पाहता एक गोष्ट लक्षात येते. वैद्यांनी वेलचीचा वापर मापून, अन्य द्रव्यांच्या सोबतीने आणि विशिष्ट तक्रारीसाठी केला. दिवसभरात कितीही वेळा, कितीही साखर घालून घेतलेल्या चहाला ही परंपरा साक्षीला बोलावता येत नाही. पचन सुधारणे, मळमळ थांबवणे, तोंडाची दुर्गंधी घालवणे हे वेलचीचे घरगुती उपयोग मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

आधुनिक संशोधन काय सांगते?

रक्तदाबाविषयी वारंवार उल्लेखिला जाणारा अभ्यास राजस्थानातील उदयपूरच्या संशोधकांनी केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकताच पहिल्या टप्प्यातील उच्च रक्तदाब आढळलेल्या २० व्यक्तींना रोज ३ ग्रॅम वेलचीपूड दोन वेळा विभागून १२ आठवडे देण्यात आली. त्यांच्या रक्तदाबात लक्षणीय घट झाली व रक्तातील गुठळ्या विरघळण्याची क्षमता वाढल्याचे आढळले. निष्कर्ष आशादायक असले तरी व्यक्तींची संख्या फारच थोडी होती. पुढे झालेल्या नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या असता रक्तदाबातील घट अल्प असल्याचे दिसते.

मधुमेहाबाबत इराणमधील तेहरान येथे एक चाचणी झाली. टाइप-२ मधुमेह असलेल्या ८३ स्थूल व्यक्तींपैकी एका गटास दहा आठवडे रोज ३ ग्रॅम वेलची कॅप्सूलमधून देण्यात आली. तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणाऱ्या चाचणीत व ट्रायग्लिसराइड या मेदघटकात काहीशी सुधारणा दिसली. येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. वेलची दिली गेली ती कॅप्सूलमधून, साखरेच्या चहातून नव्हे. शिवाय अशा सर्व चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत.

मळमळीच्या बाबतीत परंपरेला थोडा अधिक बळकट दुजोरा मिळतो. अमेरिकेत ३०१ रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर आले, पुदिन्याचे दोन प्रकार व वेलची यांच्या तेलांच्या मिश्रणाचा केवळ वास दिला असता अनेकांना आराम वाटला. मिश्रणातील वेलचीचा वाटा वेगळा काढता येत नाही, हे खरे. तरीही प्रवासात पोटात ढवळू लागल्यास वेलदोड्याचा दाणा तोंडात टाकण्याची चाल अगदीच निराधार नाही, एवढे यावरून म्हणता येते. जर्मनीतील वनौषधींची छाननी करणाऱ्या ‘कमिशन ई’ या शासकीय समितीनेही अपचनाच्या तक्रारींसाठी वेलचीला मान्यता दिली होती. तिने सुचविलेली मात्रा दिवसाला दीड ग्रॅम होती.

कपात नेमके किती?

मध्यम आकाराच्या एका वेलदोड्याचे वजन पाव ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे संशोधनातील ३ ग्रॅम मात्रा गाठण्यास रोज सुमारे १२ वेलदोडे पूर्णपणे पोटात जायला हवेत. घरी चार कप चहात दोन वेलदोडे ठेचून टाकले, तर एका कपाच्या वाट्याला अर्धा वेलदोडा, म्हणजे ग्रॅमचा आठवा भाग येतो. तोही गाळणीत अडकून चोथ्याबरोबर टाकला जातो. उतरतो तो केवळ अर्क. या हिशेबाने चाचणीतील मात्रेएवढी वेलची कपात पडण्यासाठी दिवसाला २४ कप चहा प्यावा लागेल! टपरीवर प्रमाण याहूनही कमी असते.

तात्पर्य, वेलचीवरील संशोधन खरे असले तरी ते वेलचीच्या चहावरील संशोधन नाही. चहाच्या कपातील वेलची मन प्रसन्न करते, तोंडाला चव आणते, जड झालेल्या पोटाला किंचित आराम देते. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी तिच्या भरवशावर बंद करणे सर्वथा अयोग्य आहे.

वेलचीआड दडलेली साखर

चहाचा आरोग्याशी संबंध ठरवणारा मोठा घटक वेलची नसून साखर आहे. टपरीवरील कपात दोन लहान चमचे, म्हणजे ८ ते १० ग्रॅम साखर सहज असते. दिवसाकाठी पाच कप झाले तर ४० ते ५० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांच्या आत असल्यास अधिक चांगले. सामान्य प्रौढ व्यक्तीसाठी या दोन मर्यादा अनुक्रमे सुमारे ५० व २५ ग्रॅम होतात. म्हणजे चहातच दिवसाचा कोटा संपतो. प्रसादाचा पेढा व जेवणानंतरचे गोड वेगळेच.

पायी यात्रेत हा हिशेब आणखी बिघडतो. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी प्रेमाने कप पुढे करतो आणि देवीच्या वाटेवरचा चहा नाकारणे मनाला पटत नाही. मधुमेही भाविकाने अशा वेळी अर्धा कप घेणे, सोबत बिनसाखरेच्या चहाची सोय ठेवणे आणि आपली औषधे व जेवणाच्या वेळा न चुकवणे हिताचे. चालण्यामुळे साखर एकाएकी कमी होण्याचाही धोका असतो. त्यासाठी थोडी खडीसाखर जवळ असावी, परंतु ती लागेल तेव्हाच घ्यावी. चहा देणाऱ्या मंडळांनी एक किटली बिनसाखरेची ठेवली आणि तसा फलक लावला, तर ती मोठीच सेवा ठरेल.

ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात गुळाच्या चहाचेही कौतुक आहे. गुळात काही खनिजे अल्प प्रमाणात असतात. मात्र त्याचा मुख्य घटक साखरच आहे. मधुमेही व्यक्तीसाठी गूळ हा साखरेला पर्याय नव्हे.

जेवण, चहा आणि लोह

याहून कमी चर्चिला जाणारा, पण महिलांच्या दृष्टीने अधिक गंभीर असा मुद्दा रक्तक्षयाचा आहे. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या आहारातील लोह प्रामुख्याने ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी व पालेभाज्या यांतून मिळते. वनस्पतींमधील हे लोह शरीरात आधीच कमी शोषले जाते. त्यातच जेवणासोबत किंवा जेवण आटोपताच चहा घेतला, तर चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात व शोषण आणखी घटते. चहात वेलची घातल्याने यात काही फरक पडत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे, ते याच कारणास्तव. रक्तवाढीची गोळीही चहासोबत घेऊ नये. ती पाण्याबरोबर किंवा लिंबू-सरबताबरोबर घेतल्यास अधिक लागू पडते. भाकरी-भाजीवर लिंबू पिळणे, सोबत पेरू किंवा आवळा खाणे हेही लोहाच्या शोषणास साहाय्यक ठरते.

नवरात्रात अनेक महिला नऊ दिवस उपवास करतात आणि दिवसभर चहावरच निभावतात. रिकाम्या पोटी वारंवार चहा घेतल्याने भूक मरते, छातीत जळजळते व अशक्तपणा वाढतो. वेलची घातली म्हणून असा चहा पित्तशामक ठरत नाही. उपवासात दूध, ताक, फळे, शेंगदाणे, राजगिरा यांची जोड आवश्यक आहे.

दूध घालावे का?

काळ्या चहातील ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये रक्तवाहिन्यांना लाभदायक असल्याचे सांगितले जाते. जर्मनीतील बर्लिन येथे १६ निरोगी महिलांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहान अभ्यासात काळ्या चहाने रक्तवाहिन्यांचे प्रसरण सुधारले, परंतु दूध मिसळताच हा परिणाम नाहीसा झाला. दुधातील प्रथिने चहातील द्रव्यांशी बांधली जातात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. यावरून दूध वाईट ठरत नाही. दुधातून कॅल्शियम व प्रथिने मिळतात. मात्र काळ्या अथवा हिरव्या चहाच्या गुणांची यादी आपल्या दाट दुधाच्या चहाला जशीच्या तशी लावता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

वेलचीचा चहा असा करावा

पुण्यातील जुन्या ‘अमृततुल्य’ चहाच्या दुकानांत वेलची व सुंठ खलबत्त्यात कुटून चहात घालण्याची पद्धत रूढ आहे. ताजी कुटलेली वेलची आणि डब्यातील जुनी पूड यांतील फरक पहिल्या घोटातच कळतो. घरी दोन कप चहासाठी पुढील रीत सोयीची आहे.

- दोन वेलदोडे सालीसह ठेचून घ्यावेत. दाणे फुटणे आवश्यक आहे. अखंड वेलदोडा टाकल्यास गंध नीट उतरत नाही.
- दीड कप पाणी उकळून त्यात चहापत्ती घालावी व एक-दोन मिनिटांनी अर्धा कप दूध घालून उकळी आणावी.
- आंच बंद करण्याच्या सुमारास वेलची घालावी व भांड्यावर लगेच झाकण ठेवावे.
- दोन-तीन मिनिटे मुरू देऊन गाळावा. साखर कपात, गरजेपुरतीच घालावी. वेलचीला अंगचा गोडवा असल्याने नेहमीपेक्षा अर्धी साखर पुरते, असा अनेकांचा अनुभव आहे.

रात्री चहाची तल्लफ आल्यास चहापत्ती वगळून केवळ ठेचलेल्या वेलचीचे गरम पाणी घ्यावे. त्यात कॅफीन नसल्याने झोपमोड होत नाही. सोबत बडीशेप घातल्यास जेवणानंतरच्या जडपणावर ते विशेष उपयोगी वाटते.

खरेदी करताना

चांगली वेलची भरीव, फिकट हिरवी व न फुटलेली असते. आतील दाणे काळसर, किंचित चिकट आणि सुगंधी असावेत. दाणे वाळून पांढुरके झाले असतील तर ती जुनी समजावी. तेल आधीच काढून घेतलेली वेलची दिसायला ठीक, पण चवीला भुशासारखी लागते. देशातील अन्नसुरक्षा मानकांनुसार दाण्यांमध्ये किमान ३.५ टक्के बाष्पनशील तेल असणे आवश्यक आहे. अतिशय गडद हिरवा, एकसारखा रंग दिसल्यास सावध राहावे. काही वेलदोडे पाण्यात टाकले असता पाण्याला लगेच हिरवा रंग आला, तर वरून रंग दिल्याची शंका घ्यावी. वेलची सालीसह, हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. पूड लागेल तेवढीच करावी.

कोणी काळजी घ्यावी?

स्वयंपाकातील प्रमाणात वेलची बहुतेकांना निर्धोक आहे. मात्र पित्ताशयात खडे असलेल्यांनी ती औषधी मात्रेत घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधे सुरू असलेल्यांनीही वेलचीपूड वा कॅप्सूल परस्पर सुरू करू नये. गर्भवतींनी चहाचे प्रमाण मर्यादित ठेवावे. एका कप चहात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. गर्भावस्थेत ती याहून कमी ठेवणे इष्ट.

वेलचीने चहाला सुगंध दिला, थकल्या जिवाला दोन घटका विसावा दिला आणि साखरेचा एखादा चमचा कमी करायला लावला, तरी तिचे काम पुरेसे झाले. रक्तदाब मोजणे, औषध वेळेवर घेणे आणि जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर राखणे ही कामे मात्र ज्याची त्यालाच करावी लागतात.